नागपुरात लेबर रूमची नोकरी: पगार, खोली आणि खर्च (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी नर्सिंगचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. कोणी पवनीकडची असते, कोणी आरमोरीची, कोणी वरुडची. मीही भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून जीएनएम (नर्सिंग आणि प्रसूतीसेवेची पदविका) करून नागपुरात आले. आधी एका खाजगी नर्सिंग होममध्ये होते, मग कंत्राटी झाले, आता सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स आहे. बहुतेक वर्षं लेबर रूममध्येच गेली. मुलींचे प्रश्न फार बदलत नाहीत, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

ताई, नवीन लागलेल्या सिस्टरला नागपुरात पगार किती मिळतो?

एक आकडा सांगता येत नाही. एकाच वर्गातून पास झालेल्या तीन मुली आज नागपुरात बारा हजार, वीस हजार आणि पंच्याऐंशी हजार अशा तीन पगारांवर असू शकतात. शिक्षण तेच, नोंदणी तीच, बाळाची नाळ कापायची पद्धतही तीच. फरक पडतो तो नोकरी कोणाची आणि कागद कोणता यामुळे. म्हणून खाली सरकारी, कंत्राटी आणि खाजगी अशी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

सरकारीत नक्की किती?

राज्य सरकारच्या रुग्णालयांत, म्हणजे मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), डागा (स्त्री रुग्णालय) या ठिकाणी, अधिपरिचारिकेला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे एस-१३ श्रेणी आहे: ३५,४०० ते १,१२,४००. सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४००. पहिल्या वेतनवाढीला ते ३६,५०० होतं, त्यानंतर ३७,६००. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मिळतो. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) होऊन जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका झालात तर श्रेणी एस-८, म्हणजे २५,५०० ते ८१,१००.

मिहानमधलं एम्स केंद्राचं आहे. तिथे नर्सिंग ऑफिसरला लेव्हल ७ लागते आणि मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. हिशेब करून दाखवते. महागाई भत्ता ५० टक्के धरला (जानेवारी २०२४ पासून तो इतका झाला आणि पुढे वाढतच गेला) तर २२,४५०. नागपूर घरभाडे भत्त्यासाठी वाय वर्गातलं शहर आहे, त्याचे २० टक्के म्हणजे ८,९८०. नर्सिंग भत्ता आधी ७,२०० होता, महागाई भत्ता पन्नास टक्क्यांना पोचल्यावर ९,०००. बेरीज ८५,३३०. प्रवास भत्ता यात धरलेला नाही. यातून राष्ट्रीय पेन्शन योजनेचे मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर १० टक्के, म्हणजे ६,७३५ कापले जातात. सरकार आपल्या बाजूने १४ टक्के भरतं.

एम्ससाठी नॉरसेट ही परीक्षा द्यावी लागते. बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएम असाल तर किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. हे वाक्य दोनदा वाचा. वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये पाच वर्षं राबलेल्या मुलीचा अनुभव इथे धरला जात नाही, आणि हे तिला फॉर्म भरायला बसल्यावर कळतं. पहिली नोकरी धरतानाच खाटा किती ते विचारून घ्या.

एनएचएमची जाहिरात आली आहे, भरू का?

भरा, पण काय आहे ते समजून भरा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत स्टाफ नर्सला २०,००० आणि एएनएमला १८,००० मानधन असतं. मानधन हा शब्द मुद्दाम आहे. त्यावर महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, श्रेणीतली वेतनवाढ नाही, आणि करार ठरावीक मुदतीचा असतो. दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित जागांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी पुढे २०२५ मध्ये संपही झाला.

तरी मी भरा म्हणते, कारण बाळंतपणांची खरी शिकवणी तिथे मिळते. मी कंत्राटी असताना एका रात्रीत जेवढ्या डिलिव्हरी हाताखालून गेल्या, तेवढ्या आधीच्या नर्सिंग होममध्ये महिन्यातही बघितल्या नव्हत्या.

आणि खाजगीत?

लहान नर्सिंग होममध्ये नव्या मुलीला दहा ते पंधरा हजार सांगतात. धंतोली, रामदासपेठ, वर्धा रोडवरच्या मोठ्या रुग्णालयांत त्याहून जास्त, आणि आयसीयू किंवा ऑपरेशन थिएटरचा अनुभव असला की आणखी. हे आकडे मी मुलींच्या तोंडून ऐकलेले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत.

ऐकलेल्या आकड्याला तासांनी भागायची सवय लावा. एका ठिकाणी १५,००० देतात आणि ड्युटी बारा तासांची आहे. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३१२ तास होतात, तासाला ४८ रुपये पडले. दुसऱ्या ठिकाणी १२,०००, ड्युटी आठ तासांची, २०८ तास, तासाला ५७ रुपयांच्या वर. कमी वाटणारा पगार इथे जास्त आहे. शिवाय उरलेल्या वेळात सरकारी परीक्षेचा अभ्यास होतो. बारा तास उभं राहून आलेल्या मुलीच्या हातून संध्याकाळी पुस्तक उघडलं जात नाही, हे मी स्वतः भोगलेलं आहे.

खाजगीत किमान पगाराचा काही नियम नाही का?

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने एक समिती नेमली होती. तिने सांगितलं की दोनशेहून जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयाने राज्य सरकारच्या नर्सइतकाच पगार द्यावा. शंभरहून जास्त खाटा असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांना फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली नको. राज्यांनी त्यावर पुढचं पाऊल उचलायचं होतं. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. २०१६ मध्ये वीस हजार हा तळ ठरवला गेला आणि आज इतक्या वर्षांनी माझ्या ओळखीच्या मुली त्याच्या निम्म्यावर रात्रपाळी करतात. याचा मला राग येतो. ही गोष्ट प्रत्येक नर्सला माहीत असली पाहिजे, निदान पगाराचं बोलताना तोंड उघडायला आधार मिळतो.

लेबर रूमच्या कामाला जास्त पैसे मिळतात का?

नाही. मेडिसिन वॉर्डातली सिस्टर आणि लेबर रूममधली सिस्टर, दोघींची श्रेणी एकच. आपल्या नोंदणीत नर्स आणि मिडवाइफ (प्रसविका, म्हणजे सुईण) अशा दोन्ही पात्रता असतात, पगाराच्या चिठ्ठीवर मात्र दुसरीचा रकानाच नाही.

ते काम काय असतं ते बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. पहिलटकरीण रात्री अकराला येते, सोबत आशाताई आणि सासू. कळा दहा मिनिटांत दोन. मी तिच्या पोटावर हात ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. पोट कडक झालं की मोजायचं, सैल पडलं की थांबायचं. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके. पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाची प्रगती मांडायच्या आलेखावर, ठिपका. तिची पाठ चोळायची, तिला कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं, आणि बाजूच्या टेबलावरच्या दुसरीकडेही कान ठेवायचा. तीनच्या सुमाराला पार्टोग्राफची रेघ अलर्ट लाइनच्या (सावध करणाऱ्या रेघेच्या) उजवीकडे सरकायला लागली, म्हणजे बाळंतपण रेंगाळायला लागलं, तर डॉक्टरांना उठवायचं की आणखी थोडी वाट बघायची, हे हाताला कळावं लागतं. त्या कळण्याला वर्षं लागतात. जुन्या सुईणींना गावात त्याचा मान होता, साडीचोळी मिळायची. आपल्याला निदान रकाना तरी मिळायला हवा.

थोडी हालचाल झाली आहे. केंद्राने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातून नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. २०२३ मध्ये संसदेने परिचारिका आणि प्रसविकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, १९४७ च्या परिषदेच्या कायद्याच्या जागी. कायद्याच्या नावात प्रसविका आली, त्याचा मला मनापासून आनंद झाला. पगारात ती कधी येते याची वाट बघते आहे.

पगारातून काय काय कापतात?

भविष्य निर्वाह निधी बारा टक्के कापला जातो, मालकही तितकाच भरतो. मूळ पगार १२,००० असेल तर तुमचे १,४४० आणि त्यांचे १,४४०. काही ठिकाणी दोन्ही हिस्से तुमच्याच पगारातून वजा करतात. ते चूक आहे. पगाराची चिठ्ठी मागा आणि मोबाईलवर पासबुक बघा.

एकूण पगार २१,००० पर्यंत असेल तर राज्य कामगार विमा लागू होतो. तुमच्याकडून पाऊण टक्का, म्हणजे पंधरा हजारांवर ११३ रुपये. मुली ‘कटतात कशाला’ म्हणून कुरकुरतात, पण सोमवारीपेठेतल्या विमा रुग्णालयात घरच्यांचेही उपचार होतात आणि आजारपणाच्या रजेचे पैसे मिळतात. आपल्या कामात कंबर जाते, सुई टोचते. ११३ रुपये कापू द्या.

महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही. त्यापुढे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. पंचवीसच्या आत असूनही कापत असतील तर अकाउंट्समध्ये जाऊन सांगा.

मूळ सर्टिफिकेटं जमा करा म्हणतात. करू का?

करू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद परत घ्या.

मी पहिल्या नोकरीत दिली होती. दोन वर्षांचा बाँड (तोवर नोकरी न सोडण्याचा करार) होता, तो मी न वाचता सही केला होता. आठ महिन्यांनी सरकारी जाहिरात आली, कागदपत्र पडताळणीला मूळ मार्कशीट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागणार होती. मी मागायला गेले तर बाँडची रक्कम भरा म्हणाले. ती माझ्या चार पगारांएवढी होती. बाबांनी धान विकून आलेले पैसे पाठवले. मी कागद घेऊन पोचले तोवर पडताळणीची तारीख गेली होती. पुढची जाहिरात यायला किती वर्षं लागली ते मोजायला मला आजही आवडत नाही.

नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तेही विसरू नका. त्याची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

खोली कुठे घ्यावी? भाडं किती?

मेडिकलला असाल तर हनुमाननगर, रामेश्वरी, मानेवाडा रोड. धंतोली, रामदासपेठेत नोकरी असली तरी तिथे राहणं परवडत नाही. अजनी, नरेंद्रनगरकडे बघा. एम्सला बेसा, बेलतरोडी, खापरीची बाजू. एक खोली आणि किचन पाच ते आठ हजार, जेवणासह पीजी सहा ते आठ हजार, वन बीएचके आठ ते बारा. मुलींना खोल्या शोधून देताना हेच आकडे कानावर येतात. दोघींनी मिळून वन बीएचके घेतलं तर सगळ्यात बरं पडतं.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. नर्सची खोली दिवसा झोपण्यासाठी असते. मी पहिल्या वर्षी हनुमाननगरात सगळ्यात वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली घेतली, कारण खालच्यापेक्षा ती पंधराशेने स्वस्त होती. मे महिन्यात रात्रपाळी करून सकाळी नऊला यायचे. दुपारपर्यंत बाहेर पारा पंचेचाळीसला टेकायचा. कूलर लावला तरी पत्र्याखाली हवा गरमच. त्यात कूलरची टाकी भरायला नळ खाली, म्हणून चार बादल्या पाणी जिन्याने वर न्यायचं, मग झोपायचं. दुपारी दोनला टाकी कोरडी, मोटर नुसती घरघरतेय आणि उशी घामाने ओली. तीन तास झोपून पुन्हा रात्री आठला ड्युटी. एका पहाटे इंजेक्शन भरताना माझा हात थांबला, कुठलं औषध भरतेय तेच क्षणभर सुचेना. इन्चार्ज सिस्टरने माझ्याकडे बघितलं, काही न बोलता सिरिंज काढून घेतली आणि मला चहा प्यायला पाठवलं. दुसऱ्या महिन्यात मी तळमजल्यावर गेले. ते पंधराशे मी वाचवायला नको होते.

तेव्हा खोली बघायला दुपारी दोन ते चारमध्ये जा. सकाळी गेलात तर सगळ्याच खोल्या छान वाटतात. भिंतीला हात लावून बघा. कूलरला खिडकी आहे का, पाणी चढतं का, शेजारी वेल्डिंगचं दुकान किंवा मंगल कार्यालय आहे का, हे बघा.

महिन्याचा बाकी खर्च किती धरायचा?

एकटीचा साधा हिशेब, माझ्या धाकट्या बहिणीच्या वहीतला, ती वीस हजारांवर आहे: अर्ध्या वन बीएचकेचे भाडे ४,५००, दोन वेळचा डबा ३,०००, चहा-नाश्ता आणि कधीमधी तर्री पोहे १,०००, स्कुटीचं पेट्रोल १,२००, मोबाईल ३००, वीज हिवाळ्यात ४००, उन्हाळ्यात हजाराच्या पुढे. साबण, पॅड, औषधं, पांढऱ्या बुटांचा जोड असं मिळून हजारभर. साडेअकरा-बारा हजार होतात. घरी पाच हजार पाठवते. उरलेल्या तीनेक हजारांतून तिने रिकरिंग लावलं आहे. बारा हजारांच्या पगारात हेच गणित पोटाला चिमटा काढूनही बसत नाही. मग मुली एक वेळचा डबा बंद करतात. तसं करू नका. त्याआधी पीजी शोधा, जोडीदारीण शोधा, नोकरी बदलायला बघा.

उन्हाळ्याचे तीन महिने वेगळेच धरा. कूलरची मोटर, गवताच्या जाळ्या बदलणं, विजेचं बिल, ताक-लिंबू. दिवाळीनंतर थोडे थोडे बाजूला टाकले तर एप्रिल जड जात नाही.

मी कामठी, उमरेड किंवा भंडाऱ्याहून रोज अप-डाऊन करू का?

मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाने परवडतं. जिवाला परवडत नाही. रात्रीचा हँडओव्हर वेळेत संपेल याची खात्री नसते. लेबर रूममध्ये बाळाचं डोकं दिसायला लागलं असताना कोणी घड्याळ बघून निघत नाही. सकाळ-दुपार पाळी असेल तर काही महिने ठीक. रात्रपाळी असेल तर शहरात राहा.

शहरातल्या शहरात मेट्रो चांगली आहे. डिसेंबर २०२२ पासून पहिला टप्पा पूर्ण सुरू आहे, सीताबर्डीला मार्गिका बदलता येते. मेयोला दोसर वैश्य चौक स्टेशन अगदी जवळ. एम्सला खापरीहून पुढे ऑटो करावा लागतो. मध्यरात्री केस आली तर मात्र मेट्रो नसते, म्हणून स्कुटी किंवा रुग्णालयाची गाडी. गाडी देतो असं सांगितलं असेल तर ते नेमणूकपत्रात लिहून घ्या.

लग्न झालंय. बाळंतपणाची रजा मिळते का?

मिळते, खाजगीतही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी, आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे भरपगारी. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. राज्य कामगार विमा असेल तर पैसे विम्याकडून मिळतात.

आठव्या महिन्याचं पोट घेऊन दुसऱ्यांची बाळंतपणं करणाऱ्या आणि मग गुपचूप राजीनामा देऊन घरी बसणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. कोणी तरी त्यांना सांगितलं होतं, ‘खाजगीत रजा नसते.’ असते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

नागपूर सोडून मुंबई-पुण्याला जाऊ का?

सरकारी नोकरी असेल तर गणित सोपं आहे. मुंबई-पुणे एक्स वर्गात, घरभाडे भत्ता ३० टक्के. एम्सच्या ४४,९०० वर तो १३,४७० येतो, नागपुरात ८,९८०. फरक ४,४९० चा. मुंबईत भाड्यातला फरक याच्या कितीतरी पुढे जातो. खाजगीत तिकडे पगार बरे आहेत आणि मोठ्या रुग्णालयाचा अनुभव पुढे कामी येतो, म्हणून दोन वर्षांसाठी जायला हरकत नाही. वसतिगृह देणारं रुग्णालय मिळालं तरच जा.

मुलाखत आहे, पहिल्यांदाच एकटी येतेय. सोबत काय आणू आणि राहायचं कसं बोलू?

मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्या पिशवीत. मूळ पिशवी हातातून सोडायची नाही. पगार, तास, साप्ताहिक सुट्टी, बाँड, हे चार शब्द वहीत लिहून न्या आणि समोर बसून विचारा. विचारलं म्हणून कोणी नोकरी नाकारत नाही. नाकारलीच तर ती घेण्यासारखी नव्हती.

खोलीचं बोलताना घरमालकिणीला पहिल्याच भेटीत सांगा: मी दवाखान्यात आहे, रात्री साडेसातला जाईन, सकाळी नऊला येईन, दिवसा झोपेन, तेव्हा दार वाजवू नका. ओळखपत्र दाखवा. बऱ्याच घरमालकिणी हे ऐकून आधी थोड्या विचारात पडतात, मग विचारतात, ‘लेबर रूममध्ये आहेस का? माझ्या सुनेला सातवा लागलाय.’ त्यानंतर भाड्यात दोन-तीनशे कमी करून मागायला हरकत नाही. आणि सुनेची तारीख विचारून ठेवा.